जैरामकाकांनी दोनदा केलेला कठडा

सहा एप्रिल १९८७, सोमवार. तळीला कठडा कसला करायचा ते ठरवायचं होतं. तळी भरलेली होती, आणि सव्वीस तारखेला घरात तीन वर्षांची मुलगी येणार होती.

तळी म्हणजे माझ्या दिराची पोहायची टाकी. दीर मस्कतला. मांद्र्याला परदेशी पाहुणे यायला लागलेत, घरामागे दोन खोल्या काढू, खोल्यांपुढे टाकी आणि टाकीला लागून बसायला ओटा, असं त्याचं दोन वर्षं पत्रांतून चाललं होतं. नकाशा त्याने पाठवला, पैसे बेताने पाठवले, आणि काम माझ्या अंगावर आलं. नवरा पणजीच्या कचेरीत, शनिवारी येणारा. सासूबाई सत्तरीच्या. मी पेडण्याच्या शाळेत गणित शिकवायची. जिला गणित येतं तिला बांधकामही येतं, अशी आमच्या घरात समजूत होती.

तळीच्या तीन बाजूंना चिऱ्यांची उंच भिंत. चौथी बाजू घराकडची, तीस फूट, उघडी. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून तळीच्या काठापर्यंत माझी चौदा पावलं होत. पाणी काढून टाकता येत नव्हतं. बेळगावचा गवंडी जाताना बजावून गेला होता, "बाई, दोन महिने पाणी हलवू नका. तळ फुटंल." म्हणून मी दिवसातून दहादा उठून मागच्या दाराची कडी बघत असे. मूल अजून मस्कतमध्येच होतं, तरी बघत असे.

स्वस्त हवा, दरवर्षी रंग मागणार नाही असा हवा, आणि वीस दिवसांत हवा. असा कठडा करणारा एकच माणूस मला ठाऊक होता. मी डिचोलीला माहेरी निरोप धाडला आणि जैरामकाका आले.

जैरामकाका आमच्या माहेरचे शेजारी. शिरगावच्या बाजूचे. नदीतून खनिज वाहून नेणाऱ्या बार्जींवर, म्हणजे सपाट लोखंडी बोटींवर, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि पुढे बार्जींच्या दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर झाले. ते वारले त्याला आता पाच वर्षं झाली. अंगाने काटकुळे, पाय किंचित फाकलेले. हलत्या लोखंडावर आयुष्य गेलेलं, त्यामुळे स्थिर जमिनीवर त्यांना उभंच राहता येत नसे. या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की ऐकणारासुद्धा डुलायला लागे. बसणं तर माहीतच नव्हतं. जेवतानासुद्धा एक गुडघा वर, मधेच उठून जायची तयारी असल्यासारखा.

खिशात एक छोटा पाना असे. कुठेही गेले की आधी तिथले ढिले नट घट्ट करायचे. कुणी सांगितलेलं नसे. सायकल उभी दिसली, सायकल. खिडकीची बिजागरी, नळ, शिवणयंत्राचा पाय. म्हापशाच्या बसमध्ये ते बसण्याऐवजी वाकून बाकांचे बोल्ट आवळत जात. एकदा कंडक्टर ओरडला, "ओ काका, बस सुटी करता की काय?" काका खालूनच म्हणाले, "सुटलीच आसा, बाबा. हांव परत बांदतां." प्रत्येक नट घट्ट झाल्यावर ते थांबत, कान देत आणि म्हणत, "आनी अर्दो पिळो." मग आणखी अर्धा फेरा देत. तो अर्धा फेरा दिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे.

आम्ही बोलतो कोकणीत, लिहितो-वाचतो मराठीत. त्या वर्षी हे एवढं साधं सांगणंही कठीण झालं होतं. राज्याची भाषा कोकणी की मराठी, यावरून घराघरात दोन तट पडलेले. माहेरच्या गावात देवळाच्या मंडपात एक सभा झाली, तेव्हा मी तिथे होते. दोन्ही बाजूंचे पुढारी एकाच मेजावर मुठी आपटून बोलत होते. मेज सुरुवातीला इतकं डगमगत होतं की पाण्याचा तांब्या दोनदा कलंडला. मग मधेच ते हलायचं थांबलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी एक जण खाली वाकला तर जैरामकाका मेजाखाली उताणे पडून पाना फिरवत होते.

"आरे, तूं खंयच्या बाजूचो?" तो चिडून म्हणाला.

"मेजाच्या," काका म्हणाले. "इतले जाण मुठी मारतले. मेज उरूंक नाका?"

दोन्ही बाजू हसल्या. त्या सभेत दोन्ही बाजूंनी एकत्र केलेली तेवढी एकच गोष्ट.

तर हे जैरामकाका सात तारखेला सकाळी शिवोलीच्या फेरीबोटीने आले. हातात पिशवी, पिशवीत खडू, दोरा आणि कपडे. टेप नव्हती. मी तीस फूट, अमुक उंची, अमुक खर्च असा कागद तयार ठेवला होता. त्यांनी तो पाहिलाच नाही.

"बाय, लोखणाचो काय लाकडाचो तें मागीर," ते म्हणाले. "टेंकतलो कोण तें आदीं सांग."

"टेकायला कशाला? पाण्यात कुणी पडू नये म्हणून करायचाय."

"पडपी मनीस एकदां पडटा. टेंकपी रोज टेंकता." पडणारा एकदाच पडतो, टेकणारा रोज टेकतो. ही त्यांची कामाची पद्धत होती. कठड्याची जागा ते मोजत नसत, माणसं मोजत. दिवसभर ते आमच्या मागच्या अंगणात घुटमळत राहिले आणि कोण कुठे, कसं टेकतं ते पाहत राहिले. सासूबाई खांबाला कुठे हात लावतात, मी भांडी घासून झाल्यावर कंबर कुठे टेकवते, दूधवाली कोपर कुठे ठेवते. जिथे हात पडेल तिथे मागून येऊन खडूने रेघ मारायची. दुपारपर्यंत आमचे खांब रेघांनी भरले.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "हो मेस्त काय ज्योतिषी गो? कामाक आयलो आनी आमच्या फाटल्यान भोंवता."

"आजये, तूं दाव्या बाजूक चड टेंकता," काका म्हणाले. "गुडघो दुखता मगे?"

डावीकडे जास्त टेकायची सवय होती, आणि गुडघाही दुखत होता. सासूबाईंनी चहा पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गावात फिरवलं. मांद्र्यात जेवढे म्हणून कठडे आहेत ते बघायचे म्हणाले. मला शाळेचे पेपर तपासायचे होते. पण ते पुढे निघालेसुद्धा, मी मागून. वाण्याच्या माडीचा सागवानी कठडा त्यांनी नखाने दाबला. नख आत गेलं. "वाळवी. आनी दोन पावस." समुद्राकडच्या एका नव्या बंगल्याला नक्षीची लोखंडी जाळी होती, हिरवीगार रंगवलेली. काकांनी रंगाचा फुगा चिमटीत धरून ओढला तर पापुद्र्यासारखा गंज हातात आला. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "हो दर्याचो वारो. दर वर्सा घांस, दर वर्सा रंगय. करतली तूं?" मी नाही म्हटलं.

मला सिमेंटच्या छोट्या खांबांचा कठडा आवडला होता, जुन्या बाल्कांवांना, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यांना असतो तसा. तो बघायला आम्ही कार्मेलीनमायकडे गेलो. ही आमच्या वाड्यावरची म्हातारी. सकाळपासून बाल्कांवात बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाची चौकशी करणारी. काकांनी एका खांबावर पाना वाजवला, दुसऱ्यावर वाजवला.

"आरे, हात लायनाका! म्हज्या शापायन बांदला तो!"

"शापायन बरोच बांदला, माय. भितर लोखण घालां, तें कुसलां." आजोबांनी चांगलाच बांधला, पण आतली सळी कुजलीय, एवढं म्हणून त्यांनी तिसऱ्या खांबावर वाजवलं आणि खांबाचा हाताएवढा तुकडा त्यांच्या ओंजळीत पडला. काकांनी तो तुकडा होता तसा परत बसवला, वरून हात फिरवला आणि अदबीने म्हणाले, "माय, हांगा टेंकूं नाका."

कार्मेलीनमायने जी शिव्यांची लाखोली वाहिली ती आम्हाला वळणापर्यंत ऐकू येत होती. आठवड्याभराने त्यांनी तिचे तीन खांब नवे ओतून दिले आणि एक पैसा घेतला नाही. तिनेही तोवर शिव्या थांबवल्या नव्हत्या. बदल्यात तिने त्यांना रोज सकाळी पाववाल्या पोदेराकडचा पाव आणि चहा दिला, शिव्या देतच.

शेवटी काकांनीच ठरवलं. जस्ताचा मुलामा असलेले पाइप. कारखान्यात भंगारात निघालेल्या बार्जीचे होते, चांगल्या अवस्थेत, नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळत होते. आणि वेल्डिंग करायचं नाही. हे त्यांनी मला तीनदा बजावलं, जसं काही मीच वेल्डिंगचा आग्रह धरून बसले होते. वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज नेमका तिथून आत शिरतो. म्हणून प्रत्येक जोड आट्यांचा. पाइपाच्या टोकाला आटे पाडायचे, त्यावर तागाचा दोरा गुंडाळायचा, सफेदा लावायचा आणि पिळून बसवायचं. रंग नको, घासणं नको. "पावसांत न्हातलो, वाऱ्यार सुकतलो," ते म्हणाले. माझ्या गणितात बसणारं होतं. मी हो म्हटलं.

पाइप फेरीबोटीतून आले. बावीस तारखेला कठडा उभा राहिला. आडव्या तीन पाइपांचा: एक पोटरीशी, एक मांडीशी, एक कंबरेच्या वर. बार्जीला असतो तसाच. मध्ये कठड्याहून उंच फाटक, त्याची कडी पाण्याच्या बाजूला आणि माझ्या खांद्याएवढी उंच, म्हणजे लहान हात पोचू नये. काकांनी आम्हा सगळ्यांना ओळीने उभं केलं. सासूबाई, मी, त्या दिवशी सुट्टी घेऊन आलेला माझा नवरा, दूधवाली. "टेंका," म्हणाले. आम्ही फोटोला उभं राहिल्यासारखे पाठ टेकून उभे राहिलो. काका एका टोकाला पाइपाला कान लावून. काही हललं नाही. माझी कंबर जिथे टेकायला हवी होती तिथे टेकली. सासूबाईंच्या डाव्या कोपराला आधार मिळाला. त्या रात्री मी कडी बघायला उठले नाही.

सव्वीसला जाऊ शैला मस्कतहून आली, मुलीला घेऊन. मुलगी मीनल. पांढरे मोजे, डोक्यावर दोन शेंड्या, आणि एका जागी न बसणारी. पहिल्या दिवशी ती सगळं घर हिंडली. दुसऱ्या दिवशी मागचं दार तिला सापडलं.

अठ्ठावीस तारीख, मंगळवार. काका जोडांवर सफेद्याचा शेवटचा हात मारायला आले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं व्रत सुरू व्हायचं होतं. ते लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त. शिरगावच्या जत्रेला पहाटे निखाऱ्यांवरून चालतात ते. त्याआधी काही दिवस सोवळ्यात राहायचं. पाण्याकाठी मुक्काम करायचा, प्रत्येक जेवणाआधी आंघोळ, स्वतःच्या हातचं रांधून खायचं, कुणाला शिवायचं नाही. काकांचं एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. त्यांच्या गावच्या धोंडांच्या मेळात सगळ्यांत जुन्याने पुढे चालायचं अशी रीत होती, आणि त्या वर्षी सगळ्यांत जुने काका झाले होते. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. माहेरच्या वहिनीच्या पत्रातून कळलं होतं.

शैला कठड्याला टेकून चहा पीत होती. मी फाटकाशी. आणि मीनल बोलता बोलता कठडा चढली.

सांगायला वेळ लागतो, व्हायला लागला नाही. डावा पाय खालच्या पाइपावर, उजवा मधल्यावर, हात वरच्यावर, आणि एक पाय पलीकडे. घोड्यावर बसल्यासारखी ती वर बसली आणि खाली पाण्याकडे बघून हसली. माझ्यापासून तिच्यापर्यंत दहा फूट. शैलाने तोंड उघडलं. काका टोकाला होते. त्यांनी तिच्याकडे नुसता तळहात केला, ओरडू नकोस म्हणून. मग ते चालत आले. धावले नाहीत. हळू, सफेद्याचा डबा हातात तसाच, इकडेतिकडे बघत, जसं काही दुसऱ्याच कुठल्या जोडाकडे निघालेत. मागून मीनलचा फ्रॉक मुठीत धरला आणि तिला अलीकडे उतरवून शैलाच्या हातात दिली.

मग खाली बसले. मांडी घालून, भुईवर. त्यांना असं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"निसण केली गे बाय हांवें," ते म्हणाले. निसण म्हणजे शिडी. "कठडो न्हय. निसण."

"तुम्हाला काय माहीत ती चढेल म्हणून?"

"टेंकतलो कोण तें विचारलें. चडटलो कोण तें विचारूंक ना." ते पाइपांकडे बघत होते. "बार्जीर भुरगीं नासतात."

बार्जीवर मुलं नसतात, हे खरं होतं. तीस वर्षं त्यांनी केलेल्या प्रत्येक कठड्याला फक्त मोठी माणसं टेकली होती. खलाशी, तांडेल, फिटर. आमच्या घरीही त्यांनी टेकणारी माणसं पाहिली. मूल पाहायला मूल घरात नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. मुलीसाठीच कठडा करायचा म्हणून मी त्यांना बोलावलं आणि मुलीच्या उंचीवरून एकदाही तो बघितला नाही.

शैला रडायला लागली आणि मग चिडली. "वहिनी, मी उद्या आईकडे सावंतवाडीला जाते. हे बुजवून टाका, नाहीतर मी इथे पाऊल ठेवणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "घरच्या मुलीनं पाण्याला भिऊन घर सोडायचं?" दोघींचं जुंपलं, आणि शैला शेवटी राहिली. मी मागचं दार लावून घेतलं, कडीला सुंभ बांधला, आणि किती दिवस असं बांधून ठेवायचं याचा हिशेब करायला लागले.

दार ढकललं गेलं. काका बाहेरून म्हणत होते, "बाय, तुमच्या तळयेंत न्हालो तर चलत मगे?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. व्रताला पाण्याची जागा लागते. ती इथे होती. काका गावी जाणार नव्हते. व्रत इथेच करणार होते आणि कठडा उसवून पुन्हा बांधणार होते.

आट्यांच्या जोडाची एक अडचण असते. मधला एक पाइप काढता येत नाही. एका टोकापासून सगळं उलगडत यावं लागतं, जसं विणलेलं उसवतात. तीस फूट. शिवाय त्यांच्याच हातचा तो अर्धा फेरा प्रत्येक जोडावर होताच.

बुधवारी पहाटे मी मागे गेले तर भिंतीच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल, मडकं, आणि भिंतीला टेकवलेला धोंडांचा वेत, लोकरीचे रंगीत गोंडे लावलेला. आणि दिराच्या मस्कतच्या नकाशातल्या त्या टाकीत, जिच्यात कुणी परदेशी पाहुणा पहिली उडी मारणार होता, तिच्यात जैरामकाका नाक धरून बुडी मारत होते. ओल्या पंच्यानेच वर आले आणि पाना हातात घेतला.

आता हाताखाली माणूस हवा, आणि त्याला शिवायचं नाही. मीच उभी राहिले. सासूबाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. मीनलला मांडीवर आवळून आणि आमच्यावर नजर ठेवून. लोखंडाच्या पाइपाचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं त्यांच्या, तर विटाळ पाइपातून जातो की नाही, हा प्रश्न त्यांनीच काढला. बराच विचार करून निर्णय दिला, "ओलें फडकें गुठलाय." मी ओलं फडकं गुंडाळून पाइप धरला. तरी चुकून बोटं लागायचीच. लागली की काका एक शब्द न बोलता पाना खाली ठेवायचे, तळीत बुडी मारायचे आणि निथळत परत यायचे. दुपारपर्यंत ते इतक्या वेळा बुडाले की मीनलला वाटलं हा खेळ आहे. ती आजीच्या मांडीवरून माझ्याकडे बघून ओरडायची, "मोठी आई, हात लाव! हात लाव ना त्यांना!"

काका तिच्याकडे बघत नसत. पण काम करताना मधेच थांबून तिची उंची डोळ्यांनी घेत.

मधला पाइप त्यांनी काढूनच टाकला. खालचा जमिनीलगत आणला, वरचा होता तिथेच. दोघांमध्ये उभ्या, बारीक पाइपांच्या दांड्या. उभ्या दांडीवर पाय ठरत नाही. वेल्डिंग नाहीच, म्हणून प्रत्येक दांडीसाठी वरखाली भोक पाडायचं, हाताने फिरवायच्या ड्रिलने, आणि भोकाची उघडी कड सफेद्याने लिंपायची. दोन दांड्यांत किती अंतर? मी पट्टी आणली. काकांनी सासूबाईंकडे सोललेला नारळ मागितला, मध्यम. "भुरग्याची तकली इतलीच." मुलाचं डोकं म्हणून प्रत्येक दोन दांड्यांमधून त्यांनी तो नारळ ढकलून पाहिला. जिथे अडकला तिथे पुढे सरकले. एका ठिकाणी सुटून पाण्यात गेला, ती दांडी परत काढली.

गुरुवारी दुपारी त्यांच्या मेळातले दोघे धोंड अंगणाच्या फाटकाशी आले. शिवायला नको म्हणून दूरच उभे.

"जैराम, गांवचे सगळे तळयेर आसात. आनी तूं हांगा, सायबाच्या टांकयेंत?"

"उदक तेंच."

"उदक तेंच, मनीस खंय? फाल्यां सांजेक मेळ आसा. तूं येना जाल्यार फुडें कोण चलतलो?"

काका दांडीला सफेदा लावत होते. "जो पावता तो," ते म्हणाले. उद्या संध्याकाळी मेळात जो वेळेवर पोचेल तो.

"तीस वर्सां तूं ह्या दिसाक रावलो."

"हय," काका म्हणाले, आणि या पायावरून त्या पायावर झाले. "रावलों." वाट पाहिली होती खरी, तीस वर्षं. ते दोघे गेले. मी म्हटलं, "काका, तुम्ही जा. मी दार बांधून ठेवते. मे महिनाभर बांधून ठेवेन."

"दार तूं बांदतली," ते म्हणाले, "आनी एक दीस विसरतली."

ते मला लागलं. पण मी स्वतःला ओळखत होते. खरं होतं.

शुक्रवारी काम संपायला सूर्य बुडला. शेवटची दांडी बसली तेव्हा म्हापशाकडे जाणारी संध्याकाळची गाडी सुटायला अर्धा तास होता. मेळाची वेळ तोवर टळलीच होती. मी घाईने मीनलला आणायला निघाले, म्हटलं चढून बघू दे एकदा तुमच्यासमोर. काकांनी हात केला.

"आतां नाका. सांजवेळार भुरगें थकिल्लें आसता. थकिल्लें भुरगें चडना, आनी तुका दिसतलें कठडो बरो जालो." मग म्हणाले, "सकाळीं सोड. न्हिदून उठल्या उठल्या. आनी 'नाका' म्हणूं नाका तिका. तूं नाका म्हणटकूच तें राविल्लें अशें जाता, कठड्यान रावयिल्लें न्हय." म्हणजे ती माझ्या 'नको'ने थांबेल, कठड्याने नाही.

त्यांनी बुडी मारली, पंचा पिळला, चुलीचे दगड भिंतीशी लावून ठेवले. मजुरीचं विचारलं तर म्हणाले, पहिल्या कामाची दिलीस ती पुरे, हे दुसरं काम माझं. वेत घेतला. मी रस्त्यापर्यंत गेले, चार हात अंतर ठेवून. गाडी आली. आत गर्दी होती. शिवणं टाळायला ते मागच्या शिडीला धरून बाहेरच उभे राहिले. कंडक्टरने वेत बघून तसंच राहू दिलं. गाडी वळेपर्यंत ओल्या पंच्याचा पांढरा तुकडा दिसत होता. त्यांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. त्या वर्षी पुढे चालायचा मान दुसऱ्याला गेला. काका मेळाच्या शेवटी, सगळ्यांमागून निखाऱ्यांवरून गेले, असं मला माहेरी कळलं. पुढच्या वर्षापासून त्यांचे डोळे अधू झाले आणि ते घराबाहेर पडेनासे झाले. मी जाईन जाईन म्हणत राहिले. शाळा होती, मग खोल्यांमध्ये पाहुणे यायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मीनलला झोपेतून उठल्या उठल्या मागे घेऊन गेले. शैलाला सांगितलं नाही. सासूबाईंनाही नाही. फाटकाला कडी घातली आणि मी आत, पाण्याच्या बाजूला, कठड्यापासून दोन हातांवर उभी राहिले. मीनल बाहेर, घराच्या बाजूला. मी म्हटलं, "ये माझ्याकडे."

तिने दांड्या धरल्या. खालच्या पाइपावर पाय ठेवला, तो जमिनीलगतच होता, त्याने तिला काही मिळालं नाही. दुसरा पाय दांडीला लावला, घसरला. पुन्हा लावला, घसरला. मग दोन्ही पायांनी दांडीला विळखा घालून वर ओढायला गेली आणि सरकत बुडावर आपटली. डोकं दांड्यांमधून घालून बघितलं, कपाळाशी अडलं. उठली. जागा बदलून तिसऱ्या, चौथ्या, फाटकाच्या दांडीला तेच. माझ्या तोंडात कितीदा तरी 'नको' आलं. मी ओठ आवळून धरले. तिने फाटक हलवून पाहिलं, कडीकडे हात केला, तो खूप खाली राहिला. शेवटी तिने दांड्यांना दोन्ही मुठींनी धरून गदागदा हलवलं. काही हललं नाही. आणि मग ती माझ्याकडे बघून भोकाड पसरून रडायला लागली.

मी तिला पाच मिनिटं रडू दिलं. मग फाटक उघडून बाहेर आले, तिला कडेवर घेतलं आणि मागच्या दाराच्या कडीला लोंबणारा सुंभ सोडून चुलीत टाकला.